मंदाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर

मंदा गाडी शिकली ती बेचाळिसाव्या वर्षी, आणि त्याचा सर्वांत जास्त आनंद झाला तिच्या सासूबाईंना. येसूबाईंचे गुडघे गेलेले. दोन वर्षं त्या बडोद्याच्या वाडीतल्या आमच्या गल्लीतून बाजाराला गेल्या नव्हत्या. दुसऱ्याने निवडलेली भाजी खावी लागते, याचंच त्यांना जास्त दुःख. लायसन्स हातात आलं त्याच आठवड्यात मंदाने त्यांना पुढच्या सीटवर बसवून खंडेराव मार्केटला नेलं. येसूबाईंनी एकेक वांगं देठाला धरून उलटंपालटं करून पाहिलं, भाजीवालीशी गुजरातीत मनसोक्त भांडल्या आणि माहेरपण करून आल्यासारख्या परतल्या. तेव्हापासून दर मंगळवारी ही स्वारी निघे. मी शेजारीण, मागची सीट माझी.

गाडी घरातलीच, पांढरी, चांगली बारा-तेरा वर्षांची. ती इतकी वर्षं चालवली मंदाच्या सासऱ्यांनी, फत्तेसिंहरावांनी. आम्ही सगळे त्यांना आबासाहेब म्हणतो. त्यांचे पणजोबा बडोदे सरकारच्या घोडदळात शिलेदार. त्यांची तलवार कधीच मोडली. उरला फक्त मुठीचा भरीव पितळी गोळा, मुठीत जेमतेम मावेल एवढा. मंदाचा नवरा संपतराव वाघोडियाला कारखान्यात आहे. आबासाहेबांनी त्याच्याकडून गोळ्याला आटे पाडून घेतले आणि गाडीच्या गिअरच्या दांड्यावर बसवला. तेव्हापासून उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा कायम त्या गोळ्यावर, अशीच आबासाहेबांची बैठक. सिग्नलला थांबले तरी म्यानावर हात ठेवल्यासारखे बसत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची मनाई केली. संपतरावांना स्कूटरच बरी, चार चाकं दिसली की त्यांना घाम फुटतो. म्हणून मंदा शिकली. आणि दोन महिन्यांत गाडी ओरडायला लागली.

तिसरा गिअर पडला की सुरू. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणी जोरजोरात हलवावेत तसा आवाज. मांडवीपाशी लोक वळून बघत. मंदाने गॅरेजमध्ये दाखवलं, ऑइल बदललं, तरी तेच. मेकॅनिक म्हणाला, "बेन, गिअरबॉक्स खोलवुं पडशे." ते ऐकून आबासाहेब तिरीमिरीत उठले, मनाई बाजूला ठेवून सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर स्वतः एक चक्कर मारून आले. गाडी गप्प! एक अक्षर नाही.

"बघा," दारातूनच ते म्हणाले, "माझ्या हातात गाय आहे गाय. गाडीला माणूस कळतो, सूनबाई."

"माणूस कळत असता तर तुम्हाला तिने केव्हाच खाली उतरवलं असतं," येसूबाई आतून म्हणाल्या.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. मंदाने नंतर किती सांभाळून गिअर टाकले, क्लच किती हळू सोडला, मी मागे बसून पाहत होते. आवाज यायचाच. आबासाहेब एकदा शेजारी बसले, आवाज ऐकत राहिले आणि उतरल्यावर एवढंच म्हणाले, "दात झिजवतेयस तू गिअरचे." आठवड्याभरात त्यांनी गाडी विकायला काढली आणि डभोईचं एक गिऱ्हाईक ठरलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर येऊन गाडी नेणार होतं.

"गाडी गेली की माझं शिकलेलं गेलं," मंदा मला म्हणाली. "नवी कोण घेणार माझ्यासाठी? आणि आईंचा मंगळवार?" मग जरा थांबून म्हणाली, "त्यापेक्षाही एक सांगू? मी गाडी बिघडवली, हे जन्मभर ऐकायचं."

आता त्यांच्या घरातली खंडेनवमी. शस्त्रांची पूजा त्यांच्याकडे अगदी रीतसर होते. नवमीला सकाळी आबासाहेब स्वतः गिअरवरचा पितळी गोळा फिरवून काढतात, येसूबाई चिंचेने घासून तो लखलखीत करतात, आणि पाटावर कट्यार, भाल्याचं पातं, मंदाचं शिवणाचं मशीन यांच्या पंगतीत तोही बसतो. हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही.

पूजा झाली आणि लक्षात आलं, झेंडू कमी पडतोय. मंदाने उघड्या दांड्याला रुमाल गुंडाळला आणि आम्ही दोघी मार्केटला निघालो. पहिला, दुसरा, तिसरा. मी सवयीने दात आवळून बसले होते. काहीच नाही. रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू आले, कुणाच्या तरी माइकवर गरब्याचं टेस्टिंग चाललं होतं ते ऐकू आलं. गाडीचं मात्र काही नाही.

मंदाने गाडी कडेला घेतली. उघड्या दांड्याकडे बघत राहिली. मग तिने इंजिन चालू ठेवूनच डावा हात दांड्याच्या टोकावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काय शिकवलं?" तिने विचारलं.

"काय?"

"गिअर पडला की हात परत स्टिअरिंगवर. दोन्ही. आणि आबासाहेबांचा हात कुठे असतो?"

मला कळायला अर्धं मिनिट लागलं. झेंडू घ्यायला मात्र आम्ही जवळजवळ धावलो.

घरी येऊन तिने सांगितलं तर आबासाहेबांनी मान हलवली. "आज गप्प आहे. उद्या ओरडेल. यंत्राचं असंच असतं."

"मग गोळा बसवून दाखवते."

"पूजेतला गोळा? शिवायचा नाही."

मंदा स्वयंपाकघरात गेली. बासुंदीचे वेलदोडे कुटायचे म्हणून खलबत्ता तेवढा पाटावर गेला नव्हता. तिने पितळी बत्ता उचलला, तळहातावर तोलून पाहिला, एक जुनी नाडी घेतली आणि म्हणाली, "आबासाहेब, दहा मिनिटं चला. आई, तुम्हीही."

आबासाहेब पुढे बसले, आम्ही दोघी मागे. आधी उघड्या दांड्याने गल्लीच्या टोकापर्यंत, मग मोठ्या रस्त्याने. गाडी शांत. मंदाने कडेला थांबून दांड्याला बत्ता बांधला, नाडीचे चांगले चार वेढे देऊन. पुन्हा निघालो. तिसरा गिअर पडला आणि सुरू झाले ते खिळे!

आबासाहेब दचकले. मंदाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. आवाज वाढत चालला तसा आबासाहेबांचा हात सवयीने पुढे गेला आणि बत्त्यावर टेकला.

आवाज बंद.

त्यांनी हात उचलला. खडखड. ठेवला. शांत. पुन्हा उचलला. लहान मूल दिव्याचं बटण दाबून बघतं तसं त्यांचं चाललं होतं. येसूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांचे खांदे हलताना मला जाणवत होते.

"दांड्याला खाली धरून ठेवणारा बुश झिजलाय," मंदा शेवटी म्हणाली. "वर वजन असलं की दांडा थरथरतो. हात ठेवला की थरथर हातात जाते. गिअरचे दात शाबूत आहेत, आबासाहेब."

"आणि बुश कुणी झिजवला?" येसूबाईंनी मागून विचारलं. "इतकी वर्षं हात कुणाचा होता त्याच्यावर?"

आबासाहेबांनी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघायला लागले. घर आल्यावर बत्ता त्यांनी स्वतः सोडला, नाडीची गाठ न कापता, नखांनी उकलून.

दसऱ्याला सकाळी डभोईचे शेठ आले. हातात पेढ्यांचा पुडा. "केम छो काका? गाडी तैयार ने?" मंदाने चहा दिला आणि आत जाऊन उभी राहिली. शेठ गाडी घेऊन एक चक्कर मारून आले, खूश होऊन उतरले. "अरे काका, तमे तो कहेता हता अवाज छे! आ तो एकदम शांत छे. पक्की समजो."

"म्हणूनच द्यायची नाही," आबासाहेब म्हणाले. मग गुजरातीत सांगितलं, "शेठ, माफ करजो. चलावनारी घरमां छे."

शेठना काही कळलं नाही. पेढे मात्र त्यांनी परत नेले नाहीत. आबासाहेबांनी त्यांना जेवायलाच बसवून घेतलं आणि बासुंदीच्या तिसऱ्या वाटीला त्यांची तक्रार विरघळली.

उत्तरपूजा झाली, तसा आबासाहेबांनी पितळी गोळा पाटावरून उचलला आणि कपाटात, काचेमागे, कट्यारीशेजारी ठेवला. "तिथेच शोभतो तो," एवढंच म्हणाले. दांड्यावर बसवायला संपतरावांनी साधा काळा प्लॅस्टिकचा नॉब आणला होता. नवा बुश दसऱ्यानंतर बसणार होता.

संध्याकाळी सीमोल्लंघनाला मंदाने गाडी काढली. शिलंगणाला आबासाहेब नेहमी स्वतः गाडी चालवत पुढे असायचे. या वेळी ते आपणहून माझ्याशेजारी मागे येऊन बसले, मांडीवर आपट्याच्या पानांची जुडी. पुढे येसूबाई, केसात शेवंती. डभोई रोडला वस्ती मागे पडली, मंदाने तिसरा टाकला, मग चौथा आणि हात परत स्टिअरिंगवर नेला. आबासाहेबांचा डावा हात आपल्याच गुडघ्यावर घट्ट मिटलेला होता.

"ऐकू येतंय का काही?" येसूबाईंनी मागे न वळता विचारलं.

"नाही."

"मग बसा तसेच जरा. आणि सूनबाई, परवा मंगळवार आहे. दुधी संपलाय."