पाणी सोडलं अन् शाल मिळाली

आधीच सांगतो बापा, हसायचं नाही! एकोडीतला पहिला कार्बन न्यूट्रल माणूस म्हणून गावानं माझ्या खांद्यावर शाल टाकली. काहून टाकली, ते ऐका.

जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन मी गावात धान लावून राहिलो होतो. पोरगी प्रज्ञा नागपुरात पर्यावरण शिकते. तिनंच हे कार्बनचं वेड माझ्या डोक्यात भरलं. मी मोटरसायकल सोडली, साकोलीले सायकलनं जाऊ लागलो. जे प्रदूषण टळत नव्हतं, त्याच्या बदल्यात करंजीची झाडं लावली. अन् टपरीवर चारचौघात बोलून बसलो, "दिवाळीच्या आत माझा कार्बन शून्य!" आता इज्जतीचा सवाल झाला ना!

तेवढ्यात प्रज्ञाचा फोन.

"बाबा, धानात पाणी साचून राहते, त्यातून मिथेन निघते. तेही कार्बनच्या हिशोबात धरा लागते. मधूनमधून पाणी काढून टाका."

झालं! उचललं फावडं अन् फोडला धानाच्या बांधीचा धुरा, शेताचा बांधच म्हणा ना. पाणी भळाभळा खाली!

बायको धावत आली. "काय करून राहिले जी? धान गर्भात आलं! वाळलं तं वर्षभर काय तुमचा कार्बन शिजवू?"

"तुले सायन्स समजत नाही!"

खालची बांधी तुळशीरामची. पावसानं दडी मारलेली, त्याच्या बांधीले भेगा पडलेल्या. पाणी पाहून गडी रडायलेच लागला.

"भाऊ, सख्खा भाऊ पाणी देत नाही अन् तुम्ही आपलं सोडलं? काहून?"

मी छाती फुगवली. "मी कार्बन न्यूट्रल होऊन राहिलो, तुळशीराम!"

"लय पुण्याचं काम जी!"

गावभर बोभाटा! ग्रामसभेत सरपंचबाई म्हणे, "प्रत्येकानं शेजाऱ्यासाठी असंच कार्बन न्यूट्रल व्हावं!" टाळ्यांचा कडकडाट! मी कायले बोलतो? शाल घेतली, फोटो काढला, प्रज्ञाले पाठवला. त्याच आठवड्यात पाऊस आला, माझंही धान तरारलं. जिंकलो ना राजेहो!

प्रज्ञाचा फोन आला. "बाबा, पाणी गेलं कुठं?"

"तुळशीरामच्या बांधीत."

"मंग मिथेन तिथून निघन ना! शून्य कायचं झालं? शेजाऱ्याकडे ढकललं तुम्ही!"

मी शाल गुपचूप घडी करून राहिलो होतो, तं दारात तुळशीराम उभा, तोंडभर हसत.

"भाऊ, धान जबरदस्त आहे औंदा! पुढच्या सालीही तुमचा कार्बन माझ्याच बांधीत सोडजा, पण जरा लवकर!"