पुलावर पाठमोरा

इरईच्या जुन्या दगडी पुलावर तो नदीकडे पाठ करून मासे धरतो. गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, तोंड रस्त्याकडे. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहतो, “काऊन भाऊ, पोरीचं जमलं का कुठी?” शेजारी मी पाण्यावर डोळे लावून बसतो. मासा लागतो त्यालाच, आणि तो बघायला अख्खा पूल थांबतो. माझा नुसता जळफळाट होतो.

काल तो आलाच नाही. आणि नेमका कालच माझ्या गळाला हातभर लांबीचा मासा लागला. तेवढ्यात एक सायकलवाला थांबला. त्याला दिसावा म्हणून मी मासा चांगला उंच धरला.

“ते भाऊ आज काऊन नाई आले?” त्यानं विचारलं.

“मी तं आलो ना!” मी ओरडलोच.