सहाव्या गाळ्यातली म्हैस

मिरजगावात हायवेला लागून आबांचे सहा गाळे होते. पहिल्यात सलून, दुसऱ्यात पंक्चरवाला, तिसऱ्यात मोबाईल रिपेअरिंग, चौथ्यात माझं मॅचिंग सेंटर, पाचव्यात खतं-बियाणं आणि सहाव्यात म्हैस. शटरं सगळ्यांना सारखीच, निळी. सकाळी आम्ही आपापली शटरं वर करायचो तेव्हा आबाही येऊन सहावं शटर वर करायचे आणि म्हैस हायवेकडे तोंड करून निवांत रवंथ करत बसायची. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, हे काय? आम्ही सांगायचो, कायदा आहे.

खरंच कायद्याचीच गोष्ट होती. जमीन शेतीची. तिच्यावर दुकानं काढायची तर आधी ती एनए, म्हणजे बिगरशेती, करून घ्यावी लागते. गोठ्याला मात्र तशी परवानगी लागत नाही. आबांनी एनएचा अर्ज केला, वाट पाहून कंटाळले आणि कुणीतरी शहाण्याने सुचवलं म्हणून ग्रामपंचायतीत 'गुरांचा गोठा' अशी नोंद करून बांधकाम उरकलं. परवानगी आली की नोंद बदलू, असा विचार. पण आबा पडले माळकरी. गोठा लिहिलाय तर निदान एक तरी जनावर आत पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. "सरकारला समदंच खोटं न्हाई सांगायचं," म्हणायचे, "थोडं तरी खरं ठिवायचं." त्या थोड्या खऱ्यापायी कोपऱ्यावरचा सगळ्यात चालणारा गाळा म्हशीने अडवला. चहावाले विचारून विचारून थकले.

परवानगी काही येईना. आबा स्वच्छ टोपी घालून कर्जतला तहसीलला जायचे आणि संध्याकाळच्या एसटीने तीच टोपी मळवून परत यायचे. एकदा जुना नियम रद्द होऊन नवा आला, म्हणून अर्ज पुन्हा करायला लावला. एकदा गावठाणाजवळच्या जमिनींना सवलत मिळाली, तर आबांचं रान त्या हद्दीच्या जरासं पलीकडे पडलं. एकदा रस्त्यापासून किती अंतर सोडायचं तेच बदललं आणि आमच्या पायऱ्या बेकायदा ठरल्या. आबा कधी चिडले नाहीत. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "सरकारी सवलत म्हंजी आपल्याकडचा पाऊस. येतो, पर दुसऱ्याच्या रानात."

चिडायचो आम्ही. गोठ्याचा भाडेकरार कोण करून देणार? मला दुकान वाढवायला कर्ज हवं होतं. बँकेने करार मागितला आणि मी हात हलवत परत आले. मी आबांना चार शब्द सुनावलेसुद्धा. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली घेऊन दारात उभे. "करार सोडून काय बी मागा, ताई." भाडं त्यांनी वर्षानुवर्षं वाढवलं नाही. आम्हाला आपण अर्धवट जागा दिली, ही टोचणी त्यांच्या मनात कायम होती. त्यांची एकच इच्छा होती. डोळे मिटायच्या आत गाळ्यांना कुणीतरी सरकारी माणसाने गाळे म्हणावं.

मग हायवे रुंद व्हायचं निघालं आणि मोजणीची माणसं येणार असं कळलं. गाळे जाणार हे नक्की होतं. प्रश्न एवढाच होता, की काय म्हणून जाणार. नोंदीप्रमाणे गोठा म्हटलं, तर आबांना बांधकामाची भरपाई मिळणार होती, पण गोठ्यात दुकानदार कसे असतील? आम्ही पाचही जण कागदावर नव्हतोच. दुकानं म्हटलं, तर आम्हाला ग्रामपंचायतीच्या नव्या संकुलात आधी गाळे मिळणार होते, पण आबांचं बांधकाम बेकायदा ठरून भरपाई बुडणार होती. आबांच्या मुलाने बापाला दोन दिवस समजावलं. आम्ही बोलणार तरी कोणत्या तोंडाने?

मोजणीच्या सकाळी आबा लवकर आले. म्हैस सोडून मुलाच्या हाती दिली आणि रानात न्यायला सांगितली. साहेबाने कागद बघून विचारलं, हा गोठा कोणाचा? आबा म्हणाले, "गोठा न्हाई, सायेब. गाळे हायेत. ह्या पाच जणांची पोटं हितं चालतेत. त्यांची नावं आधी लिवा." साहेबाने पेन थांबवलं, बाबा, तुमचं नुकसान होईल, असं चांगुलपणाने बजावलंही. आबा म्हणाले, "ते ठावं हाय." मुलगा दावं धरून उभा होता. म्हशीला ओढत तो रानाकडे निघून गेला. मी दुकानात जाऊन रडले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

पुढे आबांना नोटीस आली. तिच्यात त्यांना 'अनधिकृत बांधकामधारक' म्हटलं होतं. गाळे एका दुपारी पडले. आमची नावं मात्र संकुलाच्या यादीत लागली. संकुल कुठल्याशा मंजुरीसाठी अडकलंय, नुसते खांब उभे आहेत. तोवर मी घरच्या ओट्यावर अस्तरं आणि फॉल विकते. बायका येतात, पण हायवेचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

गेल्या थंडीत आबा गेले. मुलगा श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला निघाला आणि बापाच्या नावाखाली 'प्रगतशील शेतकरी' लिहायचं म्हणाला. सगळेच तसं लिहितात. आम्ही पाचही जणांनी अडवलं, 'गाळेमालक' लिही म्हणालो. त्याने फ्लेक्सवाल्याला तसंच लिहायला सांगितलं. गाळे जिथे होते तिथेच, नव्या रस्त्याच्या कडेला, आम्ही तो बांधला. ही जागा आता रस्त्याच्या हद्दीत येते, विनापरवाना फ्लेक्सची नोटीस लावतील, असं मुलगा म्हणाला.

"लावू दे," मी म्हणाले. "नाव बघूनच लिहितील ना? गाळेमालक म्हणूनच येईल."