पेठेत बसून खावं कुठं

पेठेवर उघडणारी माडीची खिडकी असली की किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. खालच्या विसूभाऊंच्या हॉटेलातला भज्यांचा वास न बोलावता वर येतो, तसे तेही येतात. त्यातून मी बोलते कमी, म्हणून ते साठून राहतात. लग्न होऊन महाडात आले त्याला अजून वर्ष नाही, पण साठा असा झालाय की कुणाला तरी सांगितल्यावाचून आता राहवत नाही.

आधी एक सांगून टाकते. मला हॉटेलात बसून खायचं होतं. पुडीत बांधून घरी आणून नव्हे. बाकावर बसायचं, समोर बशी, बशीत गरम भजी, शेजारी चहाचा पेला, आणि उठायची घाई नाही! माझ्या माहेरी उमरठला हॉटेल नावाची चीजच नाही. इथं हाकेच्या अंतरावर खायची इतकी ठिकाणं, आणि मी वर बसून तांदूळ निवडतेय.

आमचे हे मुंबईला गोदीत कामाला. शिमग्याला रजा काढून आले, तेव्हा “तुला काय हवं?” म्हणून त्यांनी विचारलं. लुगडं मागेल असा त्यांचा अंदाज. मी हॉटेल मागितलं.

त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, “मुंबईत बसतात बायका. फॅमिली रूम असते. परत जायच्या आत नेतो तुला. प्रॉमिस.”

*

अडचण सासूबाईंची होती. त्यांचा कायदा एकच: घरात चूल पेटलेली असताना बाजारात खाणं म्हणजे चुलीपुढच्या बाईच्या तोंडात मारणं. माणूस कितीही मोठा असो, त्यांच्यासमोर हॉटेलचं नाव काढत नसे.

एकदा खालून भज्यांचा वास आला. सासूबाईंनी जात्यावरून मान वर केली, नाक जरा फुलवलं आणि म्हणाल्या, “मेला हल्ली ओवा लय घालतो.”

वासावरून ओवा ओळखणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

*

मामंजी, म्हणजे माझे सासरे, रोज संध्याकाळी ‘मोटर बघायला’ जातात. पोलादपूरकडची मोटर विसूभाऊंच्या दारात थांबते. ती आली का, किती माणसं उतरली, टायर बरे आहेत का, हे बघणं त्यांना फार जरुरीचं वाटतं. बघायला बाकावर बसावं लागतं. परत आले की ताटातली अर्धी भाकरी उरते.

“भूक नाय आज,” ते म्हणतात.

“आज मोटर तिखट होती काय?” सासूबाई विचारतात, आणि उरलेली भाकरी टोपलीत ठेवतात.

*

माझा दादा उमरठहून कचेरीच्या कामाला आला. बहिणीच्या सासरी न कळवता जेवायला कसं जायचं, म्हणून लाजून सरळ काशीकाकूंच्या खानावळीत शिरला. ही खानावळ ब्राह्मणांची; कचेरीतले कारकून तिथं जेवतात. दारात कुणीतरी म्हणालं, “सदरा काढून बसा.” दादाला वाटलं, उकाडा आहे म्हणून सांगताहेत. त्यानं सदरा काढला, मुंडासंही काढलं आणि पंगतीत मांडी घातली.

भात वाढून झाल्यावर काकूंची नजर त्याच्या उघड्या खांद्यावर गेली. जानवं नाही. सगळी पंगत थांबली.

“कुठले तुम्ही?”

“उमरठचा. शेती हाय आमची.”

काकू पळी हातात धरून विचार करत उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “पानावर बसलेल्याला उठवायची नाही मी. जेवा. पण उद्या बाहेर ओटीवर बसायचं.”

दादानं पोटभर खाल्लं, हात धुतले आणि सदरा चढवत म्हणाला, “उद्या कोन येतोय गो काकू? कढीत निस्तं पानी हाय.”

तिथून तो आमच्याकडं आला आणि पुन्हा जेवला.

*

पेठेच्या टोकाला दाऊदचाचांची भट्टी आहे. तिथला पाव घरात आणायचा नाही असा पेठेतल्या सगळ्या घरांचा नियम. फक्त आजारी माणसाला, डॉक्टरनं सांगितलं तर, दुधात बुडवून चालतो.

त्यामुळं आमच्या पेठेत आजारी माणसं फार. पाव भट्टीतून निघायच्या वेळेला तर साथच येते. चाचाही मोठे समजूतदार. गिऱ्हाइकाला किती पाव हवेत ते विचारत नाहीत.

“आज घरात किती जनं आजारी?” ते विचारतात.

“चौघं,” असं सांगून हे एकदा गरम नानकटाईसुद्धा घेऊन आले. मामंजी ओटीवरच होते. वास आल्याबरोबर त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, “मलापन जरा कणकण वाटते.”

*

चवदार तळ्याचं प्रकरण होऊन गेल्यापासून कोण कुठं पाणी पितो याच्यावर सगळ्या पेठेचं लक्ष. विसूभाऊंच्या हॉटेलाबाहेर वळचणीला खिळ्यावर वेगळे पेले टांगलेले असतात. गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांनी त्यातून, तेही उभ्यानं, चहा प्यायचा.

एके दिवशी मोटरीतून कोट-बूट घातलेले एक गृहस्थ उतरले आणि बाकावर मधोमध बसले. विसूभाऊंनी अदबीनं चहा दिला. शेजारी मामंजी. दोघांनी मुंबईच्या चाळींवर चांगल्या गप्पा मारल्या. गृहस्थ चहा पिऊन निघून गेले, आणि मग कुणीतरी सांगितलं की हे त्याच वस्तीतले. नोकरीवरून घरी आलेत.

सगळे आपापल्या पेल्यात डोकावून बघायला लागले. मग एकानं विचारलं, “त्यांचा पेला कुठला?”

विसूभाऊंचे दोन्ही हात बादलीत. “धुतल्यावर कळतंय होय?”

मामंजींनी हे घरी येऊन सांगितलं. ह्यांनी विचारलं, “मग तुम्ही काय केलंत?”

“काय करनार? दुसरा चहा मागवला.”

“कुठल्या पेल्यात?”

मामंजी म्हणाले, “भाकरी वाढा.”

खिळ्यावरचे पेले अजून आहेत. ते गृहस्थ परत जाताना पुन्हा त्याच बाकावर बसलेले मात्र मी खिडकीतून पाहिले. मामंजी त्यांना जागा देऊन सरकून बसले होते.

*

होता होता ह्यांच्या रजेचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी पहाटे लाँच गाठायची, आणि माझं हॉटेल राहिलेलंच. बंदरावर खलाशांच्या खानावळीत बाईमाणूस नेणं शक्य नाही. काकूंकडं दादानं नाव काढून ठेवलेलं. राहता राहिले विसूभाऊ, आणि त्यांच्या बाकावर मामंजी.

पण दिवस गुरुवार होता. गुरुवारी दुपारी सासूबाई देवळात पुराण ऐकायला जातात. मला नेत नाहीत. घर कोण बघणार? आणि मामंजी सकाळीच तुडीलला शेतावर गेलेले. हे म्हणाले, “चल. आत्ता नाही तर मग दिवाळीला.”

मी नवं लुगडं नेसले. जिना उतरताना वर परत जावंसं एकदाही वाटलं नाही.

विसूभाऊ कढईपुढं होते. त्यांनी ह्यांना नावानं हाक मारली, ते नाव मला इथं लिहिता येत नाही. मग मला पाहून त्यांचा झारा तेलातच राहिला.

“हिला कुठं बसवू?” ह्यांनी विचारलं.

“बसायला… हाय तशी जागा. मागं. पडदा लावलेला हाय.”

“पडदा? अरे वा, फॅमिली रूम! कधी केलीत?”

विसूभाऊंनी भजी उलटी केली.

ह्यांनी ऐटीत पडदा बाजूला केला. आत एक बाक, खिडकीत तुळशीचं रोप, आणि बाकावर सासूबाई. डोक्यावरून पदर, मांडीवर जपाची माळ, हातात बशी.

कढई तेवढी चुरचुरत होती.

सासूबाईंनी तोंडातला घास सावकाश संपवला. आधी मुलाकडं पाहिलं, मग माझ्या नव्या लुगड्याकडं. मग त्या बाकावर सरकल्या.

“बस गो. गरम हायत.”

हे आत पाऊल टाकायला लागले. “तू कुठं?” त्या म्हणाल्या. “तुझा बाप बसतो तिथं बाहेर बस. इथं बायका बसतात.” आणि आवाज चढवून, “विसू, सूनबाईला बशी आन. ओवा आज बरा पडलाय.”

मी बसले. भजी खाल्ली, चहा घेतला, आणि उठायची घाई केली नाही.

संध्याकाळी मामंजी तुडीलहून भुकेजून आले. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना अख्खी भाकरी खाताना पाहिलं. दुसरी मागताना त्यांची नजर आमच्या ताटांवर गेली. ह्यांची अर्धी उरलेली, माझी अर्धी उरलेली, सासूबाईंची अर्धी उरलेली.

मामंजींनी तिन्ही ताटं नीट पाहून घेतली.

“आज पुराण तिखट होतं काय गो?”

सासूबाईंनी आपली भाकरी शांतपणे टोपलीत ठेवली.

“सूनबाईला विचारा. ती पन होती.”