मलावीहून आलेला ताप

“फॅल्सिपेरम आहे,” डॉक्टर मॅडम बाबांना म्हणाल्या. मी शेजारच्या बाकावर आईच्या खांद्याला टेकून बसले होते.

“म्हणजे काय?”

“मलेरिया. पण त्यातला वाईट प्रकार. मेंदूला, किडनीला त्रास देऊ शकतो. आत्ता ॲडमिट करायचं.”

“मलेरियाच ना?” बाबा म्हणाले. “मग बरं.”

आमच्या तलासरीकडे मलेरिया ओळखीचा. दर पावसाळ्यात पाड्यावर कुणीतरी घोंगडी घेऊन कुडकुडतंच. बाबांना हायसं वाटलं. मला नाही. मी नर्सिंग केलंय, आणि याच तापाची पोरं मी काही दिवसांपूर्वी मलावीत मांडीवर घेऊन बसले होते.

मलावी आफ्रिकेत आहे. आमच्या चर्चच्या ओळखीतून तिथल्या एका मिशनच्या दवाखान्यात मदतीला माणसं जाणार होती. मी तेवीस वर्षांची. घरातला पहिला पासपोर्ट माझा. बाबा डहाणूजवळ चिकूच्या वाडीत काम करतात. त्यांनी एवढंच विचारलं होतं, “आपल्याकडची आजारी माणसं संपली काय?”  मी विमानतळाला निघाले त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर वाडीवर गेले.

परत आल्यावर आठवडाभर मी ठीक होते. मग डोकं दुखायला लागलं, आणि संध्याकाळी अशी थंडी भरली की आईने घरातली सगळी पांघरुणं माझ्यावर टाकली. मलेरिया होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या मी न चुकता घेत होते, त्यामुळे तो संशयच आला नाही. जवळच्या दवाखान्यात रक्त तपासलं. मलेरिया निगेटिव्ह. प्रवासाचा शीण, व्हायरल असेल, असं सगळ्यांनीच धरलं.

ताप उतरेना. लघवी चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसायला लागले. तेव्हा दादाने रिक्षा करून डहाणूच्या हॉस्पिटलात आणलं.

“महिनाभरात बाहेरगावी गेली होती का ही?” मॅडमनी विचारलं.

“हो, मलावीला,” आई म्हणाली.

“मालाडला?”

“मलावी. आफ्रिकेत.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि लगेच पुन्हा रक्त घ्यायला सांगितलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी परदेशात सेवेला, शिकायला, कामाला जाणार असेल, तर एवढं ध्यानात ठेवा. त्या गोळ्यांनी धोका कमी होतो, संपत नाही. रक्तात जंतू थोडे असले तर पहिल्या तपासणीत सापडत नाहीत, म्हणून ताप राहिला तर पुन्हा तपासायचं. आणि कुठून आलो हे डॉक्टरांनी विचारायची वाट बघायची नाही.

आर्टेसुनेट सुरू झालं. हे मलेरियाचे जंतू मारणारं इंजेक्शन, शिरेतून देतात. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, खूप खाली आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बरळायला लागले. आईलाच “सिस्टर” म्हणून हाका मारत होते आणि बाळांची वजनं राहिलीत म्हणून उठायला बघत होते. हे मला आईने नंतर सांगितलं.

मॅडम बाबांना म्हणाल्या, “औषध चालू आहे. पण आजचा दिवस बघू. शुद्ध आणखी हरपली तर वापीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल.”

त्यानंतर “मग बरं” म्हणायची बाबांची हिंमत झाली नाही. तोवर ते व्हरांड्यातच उभे असायचे, बायकांच्या वॉर्डात कसं बसायचं म्हणून. त्या दुपारी ते आत आले.

मला जाग आली तेव्हा दोन्ही हातांना सुया होत्या आणि बाबांनी माझं पाऊल धरलं होतं. नुसतं धरलेलं. दाबत नव्हते. मलावीतल्या दवाखान्यात ग्रेस नावाची एक आई आपल्या पोराचं पाऊल असंच धरून बसायची. मी येता-जाता तिला बघत होते. ती पाऊलच का धरते, हे मला आता कळलं. हाताला सलाईन असल्यावर धरायला तेवढंच उरतं.

“बाबा,” मी म्हटलं.

ते आईकडे वळून म्हणाले, “ओळखलंन गं मला.” आणि उठून बाहेर गेले.

माझ्यापेक्षा लहान नर्स मला बेडपॅन द्यायची, तेव्हा मी तोंड भिंतीकडे वळवायचे. सेवा करायला विमानात बसून गेले आणि इथे पडून सगळ्यांना राबवतेय, असं वाटायचं. शेजारच्या खाटेवर सायवन गावच्या एक आजी होत्या. त्यांना ते दिसलं असावं. म्हणाल्या, “लाजतेस कशाला, पोरी? आज तुझी वेळ. माझी तर रोजचीच.” दोघी हसलो. हसताना कुशीत कळ आली.

हळूहळू ताप गेला. भूक लागली, आईने केलेली पेज गोड लागली. घरी सोडताना मॅडमनी बजावलं की आर्टेसुनेटनंतर काही आठवडे रक्त अचानक कमी होऊ शकतं, म्हणून दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासायचं. केस गळले, पायऱ्या चढताना धाप लागायची. तेही सरलं. त्या मॅडमचे, त्या धाकट्या नर्सचे आणि त्या आजींचे उपकार मी विसरणार नाही.

घरी भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “आता परत तिकडचं नाव काढू नकोस हां.”  मला वाटायचं, बाबांच्याही मनात तेच असणार.

एका रविवारी जेवण झाल्यावर ते माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसले.

“आता सांग, बाय,” ते म्हणाले. “तिथं काय काय केलंस?”

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी तापाचंच विचारलं होतं. मी सांगत गेले. झाडाच्या फांदीला टांगलेला वजनकाटा, त्यात लोंबकळून रडणारी बाळं, दवाखान्यात चालत येणाऱ्या बाया, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी, सरोवर इतकं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. आई भांडी तशीच टाकून दारात येऊन उभी राहिली.

“आणि त्या ग्रेसचा पोर?” बाबांनी विचारलं. तिचं नाव मी त्यांना हॉस्पिटलात कधीतरी सांगितलं होतं.

“बरा झाला. चालत घरी गेला.”

 मग बाबा म्हणाले, “परत बोलावलं तर मला आधी सांग. या वेळी सोडायला येईन.”