मधल्या वेळची मेघना

आंबिवलीच्या मेघना सोनावणेला ‘फिलर’ हा शब्द दिवसभर पुरायचा. सकाळी ती डोंबिवलीच्या एका स्किन क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसे. तिथे फिलर म्हणजे ओठ, गाल भरायचं इंजेक्शन. नवरा रवींद्र माजिवड्याच्या गॅरेजात डेंटिंग करायचा. त्याच्या लेखी फिलर म्हणजे चेपलेल्या दारावर लावायची पुट्टी. आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात फिलर म्हणजे मेघना स्वतः. मोठी गायिका येईपर्यंत लोकांना खुर्चीत बसवून ठेवणारी.

गेल्या नवरात्रात टेंभी नाक्याजवळ कार्यक्रम होता. गायिका ट्रॅफिकमध्ये अडकलेली. “ताई, जरा खेचा,” आयोजक दौलत म्हणाला. मेघना गायला लागली आणि हळूहळू समोरची कुजबुज थांबली. तेवढ्यात गायिका पोचली. दौलतने विंगेतून ‘आवरा’ म्हणून हात हलवला. मेघनाला तो दिसला. तिने डोळे मिटले आणि शेवटचं कडवं पूर्ण म्हटलं.

मग ती स्टेजवरून खाली उतरली.

“ताई, आम्ही तुम्हाला कशाला बोलावतो, माहितीये ना?” दौलत हळूच म्हणाला.

“माहितीये.”

त्यानंतर त्याचा फोन आलाच नाही. क्लिनिकमध्ये पेशंट समोर असतानाही ती मोबाइल उलटा-सुलटा करत बसे. घरी आली की नुसत्या येरझाऱ्या.

“मी चुकले का रे?” तिने रवींद्रला विचारलं.

“ते सोड. आता गाणार कुठे, ते बघ.”

एप्रिलमध्ये वस्तीतल्या रंभामावशींनी बाबासाहेबांच्या जयंतीचा अख्खा कार्यक्रम तिलाच दिला. “दुसरं कोणी नाही. तूच.” मेघना आधी हरखली, मग तिची झोप उडाली. इतकी वर्षं, ते नवरात्रातलं एक सोडलं तर, प्रत्येक गाणं दोन कडव्यांपुरतंच गायलेलं. पुढचं तोंडात येईना. भाकरी थापताना, रिसेप्शनवर बसल्या बसल्या पुटपुटत तिने जमेल तेवढं पाठ केलं.

तरी जयंतीच्या दिवशी सगळं लवकरच संपलं. लोक हलेनात.

“माझ्याकडची गाणी संपली,” ती माइकवरच म्हणाली.

“मग आता आमच्याबरोबर म्हण,” खालून रंभामावशी म्हणाल्या आणि बायकांनी बाबासाहेबांचा पाळणा धरला. मेघनाला त्याची चाल ठाऊक नव्हती. ती माइक घेऊन खाली उतरली, त्यांच्यात सतरंजीवर बसली आणि एकेक ओळ त्यांच्यामागून म्हणत राहिली.