शबाना ‘डी’ला हात लावत नव्हती

शबानाने या पेपरातही ‘डी’ सोडून दिला होता.

जानेवारीतली दुपार. पहाडगंजमधल्या क्लासच्या गच्चीवर पाणी घातलेल्या दुधासारखं ऊन. धुक्यापलीकडे नवी दिल्ली स्टेशन. गाड्या दिसत नव्हत्या, नुसत्या घोषणा तरंगत येत होत्या. तीस वर्षं मी इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर चुका काढल्या. निवृत्तीनंतर महाराष्ट्रातून आलेल्या मुलामुलींना त्या काढायला शिकवतो.

सरकारी नोकरीच्या परीक्षेत याला एरर स्पॉटिंग म्हणतात. वाक्याचे तीन तुकडे: ए, बी, सी. चूक कशात ते सांगायचं. पुष्कळदा ती जुळ्यांसारख्या दिसणाऱ्या शब्दांत असते. ‘बिसाइड’ म्हणजे शेजारी, ‘बिसाइड्स’ म्हणजे शिवाय. चौथा पर्याय डी: चूक नाही.

शबाना जिंतूरची. अशा सगळ्या जोड्या तिला पाठ. तरी प्रत्येक मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, इंग्रजीतच अडकायची. वयोमर्यादेमुळे हा शेवटचा अटेम्प्ट. नाही झालं तर जिंतूरला परत, हे घरी ठरलेलं.

तिचे जुने पेपर मी गच्चीवर पसरले. उडू नयेत म्हणून वर चपला ठेवल्या. अकरा पेपर. डी एकदाही नाही.

“बरोबर वाक्य आलंच नाही का कधी?”

“आलं असेल, सर. पण मला बरोबर वाटलं म्हणजे माझंच काहीतरी सुटलं असणार. मग शोधत बसते.”

“सर, काल हिने ढाब्याच्या मेन्यूवर रेघा मारल्या,” तिची रूममेट प्राजक्ता म्हणाली. “वेटर म्हणतो, मॅडम, ऑर्डर तो दीजिए!”

“गप गं. तिथे खरंच चुका होत्या, यार.”

आमच्या डेस्कवर एक नियम होता. शब्द बदलला की समासात कारण लिहायचं, खाली सही करायची. पहिल्याच महिन्यात मी एक बरोबर ओळ सुधारली. दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला. न्यूज एडिटर एवढंच म्हणाले, “कारण नसेल तर पेन खाली.”

शबानाला तेच सांगितलं. आधी कारण, मग रेघ. कारण सुचलं नाही तर डी.

नव्या पेपरातल्या पहिल्या वाक्यावर तिचं पेन बराच वेळ हवेत राहिलं. धुक्यात एक घोषणा विरली, दुसरी सुरू झाली. समास कोराच. तिने डी लिहिला.

“आणि चूक असली तर?”

“तर चुकेल. पुढचं वाच.”

परीक्षेत तिने पाचदा डी निवडला. तीन बरोबर आले. इंग्रजीत ती काठावर पास झाली. आता ती दिल्लीतच, आर. के. पुरमला सरकारी ऑफिसात आहे.

जॉइन झाल्यावर तिने इंग्रजीत चार ओळींचं पत्र पाठवलं. मी सवयीने लाल पेन काढलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. समासात लिहायला कारण सापडलं नाही. पेन खाली ठेवलं.